अस्वलांच्या मुलखात कॅम्पिंग: कूलर कसा निवडावा

जून जवळ आला की सॅक्रामेंटोतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला हमखास एक फोन येतो. "योसेमिटी नॅशनल पार्कला चाललोय, खाणं थंड ठेवायला यती कंपनीचा कूलर घेऊन टाकू का?" मी उलट विचारते, रात्री कूलर कुठे ठेवणार आहात? बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो. बर्फ किती दिवस टिकतो, चाकं आहेत का, रंग कोणता, हे सगळं बघून झालेलं असतं. पण अस्वलांच्या मुलखात निवड सुरू होते ती रात्रीच्या जागेपासून.

गाडी घेऊन कॅम्पिंगला गेलात तर कूलर तीनपैकी एका ठिकाणी रात्र काढतो: कॅम्पसाइटवर बसवलेल्या, अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत, बंद गाडीत, नाहीतर उघड्यावर. या तीन ठिकाणांसाठी लागणारे कूलर वेगवेगळे असतात. महागडा, अस्वलाला न फुटणारा म्हणून विकला जाणारा कूलर फक्त तिसऱ्या ठिकाणी खऱ्या अर्थाने कामाला येतो. आपल्यातली बरीच मंडळी मात्र पहिल्या दोन ठिकाणीच जातात.

आधी तिथला नियम वाचा

योसेमिटीत दिवसा उजेडी खाण्याचं सामान गाडीत ठेवलेलं चालतं, पण काचा पूर्ण बंद हव्यात आणि सामान बाहेरून दिसता कामा नये. अंधार पडला की गाडीत काही ठेवायचं नाही, सगळं पेटीत. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) असली तरी शंभरेक वर्षांपूर्वीच ती या राज्यातून नाहीशी झाली. आता आहेत ती काळी अस्वलं. तीही गाडी फोडण्यात पटाईत. दाराच्या वरच्या कडेत नखं अडकवून अख्खी चौकट खाली वाकवतात. १९९८ साली योसेमिटीत अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांच्याच होत्या. त्यानंतर पेट्या वाढल्या, गस्त वाढली, नियम कडक झाले आणि आकडा खूप खाली आला. नियम मोडला तर दंड पाच हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

यलोस्टोन आणि ग्रँड टीटन या राष्ट्रीय उद्यानांत काळ्या अस्वलांबरोबर ग्रिझलीही आहेत. तरी तिथे काचा बंद आणि दारं लावलेल्या टणक छताच्या गाडीत रात्रंदिवस सामान ठेवता येतं. पेटी असेल तर पेटीतही ठेवता येतं. (यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडवर तंबूच लावू देत नाहीत, टणक भिंतींची आर.व्ही. (राहण्याची सोय असलेली गाडी) लागते. तिथे अस्वलांचा वावर किती आहे ते यावरूनच समजा.)

राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर, त्यांना लागून, नॅशनल फॉरेस्टची प्रचंड जमीन आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी कॅम्पसाइट फुकट मिळते, पण पेटी असेलच असं नाही. यलोस्टोनच्या भोवतालच्या ब्रिजर-टीटन, शोशोनी वगैरे जंगलांत अस्वलं जागी असतात त्या महिन्यांत अन्न साठवण्याचे लेखी आदेश लागू असतात. तिथे तीन मार्ग आहेत. टणक गाडीत बंद करा, अस्वलापुढे टिकतो असं प्रमाणपत्र मिळालेल्या डब्यात किंवा कूलरमध्ये कुलूप लावून ठेवा, नाहीतर जमिनीपासून दहा फूट वर आणि झाडापासून चार फूट लांब टांगा. तीस किलोचा कूलर झाडाला टांगायचं मनातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट. कूलर रिकामा असला तरी हे नियम त्याला लागू होतात. अस्वलाला कूलर नुसत्या आकारावरून ओळखता येतो. आत काही आहे का, हे ते फोडल्यावरच बघतं. म्हणून बियरचे कॅन संपलेला, पुसून कोरडा केलेला कूलरही योसेमिटीत रात्री मागच्या सीटवर सोडू नका.

पेटीत ठेवणार असाल तर टेप घ्या

योसेमिटीतल्या बहुतेक पेट्या ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच असतात. हे तीन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात टेप घेऊन जा. दुकानदार लिटर आणि क्वार्ट (लिटरपेक्षा किंचित लहान माप) सांगेल, तुम्ही इंच मोजा, तेही बाहेरून, बिजागऱ्या आणि कड्या धरून.

उंची सगळ्यात महत्त्वाची. १८ इंच पेटीत १७ इंचांपर्यंतचा कूलर सुखाने जातो. त्याहून उंच असेल तर दाराच्या कडेला घासतो, आणि मग तो आडवा करायची वेळ आली की बर्फाचं पाणी सगळीकडे. चाकांचे कूलर इथेच मार खातात. चाकांमुळे उंची वाढते आणि आतली जागा कमी होते. पार्किंगपासून तंबूपर्यंतच्या खडकाळ, मुळांनी भरलेल्या वाटेवर ती लहान चाकं फिरतही नाहीत.

आता रुंदीचं गणित बघा. यतीचा टंड्रा ४५ बाहेरून साधारण २६ इंच लांब, १६ इंच रुंद आणि साडेपंधरा इंच उंच आहे. असे दोन कूलर लांबीने शेजारी ठेवायला गेलात तर ५२ इंच होतात, पेटी ४५ ची. बसणार नाहीत. पण दोन्ही आडवे फिरवून आखूड बाजू दाराकडे केली तर ३२ इंचांत दोन्ही बसतात आणि बाजूला १३ इंच उरतात. त्या १३ इंचांत कोरड्या सामानाचा एक उभा प्लास्टिकचा डबा जातो. आखूड बाजूला दोरीची कडी असते, ती नेमकी तुमच्या हाताशी येते. कूलर बाहेर ओढायला ती कडी लागतेच, कारण पेटीच्या आत झाकण उघडत नाही. वर जागाच नसते. प्रत्येक वेळी कोथिंबीर हवी म्हणून सगळा कूलर बाहेर ओढायचा, परत आत सारायचा. कारण पेटीचं दार सामान काढताना-ठेवताना सोडून सतत बंद आणि कडी लावलेलं असावं लागतं, दिवसासुद्धा.

म्हणून माझा ठाम आग्रह आहे की एक मोठा घेऊ नका, दोन मध्यम घ्या. मोठा ७० क्वार्टचा कूलर भरला की चाळीस किलोच्या पुढे जातो. तो जमिनीजवळच्या पेटीतून वाकून ओढायचा म्हणजे कंबर धरणारच. दोन कूलरपैकी एक पेयांचा, फळांचा, मुलं सारखी उघडतील असा. तो स्वस्त, पातळ भिंतींचा चालतो. दुसरा दूध, दही, चिकन, मासे यांचा, जाड भिंतींचा, फक्त स्वयंपाकाच्या वेळी उघडायचा. असं केल्यावर दुसऱ्यातला बर्फ दिवसभराने जास्त टिकतो.

पेटीतल्या जागेचा हिशेब करताना आपल्या लोकांनी एक गोष्ट धरायलाच हवी. फक्त कूलर ठेवून भागत नाही. वास येणारं सगळं पेटीत. मसाल्याचा डबा, लोणचं, तूप, चिवडा, लाडू, उदबत्ती, टूथपेस्ट, सनस्क्रीन, बाळाचे वाइप्स, अगदी गाडीत लावलेला सुगंधी तुकडासुद्धा. एका साइटला साधारणपणे एकच पेटी असते. दोन कुटुंबं एका साइटवर राहणार असाल तर घरून निघण्याआधी व्हरांड्यात खडूने ४५ बाय ३३ चा चौकोन आखा आणि सगळं सामान त्यात १८ इंचांच्या आत रचून बघा. दोन्ही घरांनी आणलेली लोणच्याची बरणी तेव्हाच लक्षात येते.

प्रमाणित म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत ग्रिझलींच्या संवर्धनासाठी सरकारी खात्यांची एक संयुक्त समिती आहे, इंटरएजन्सी ग्रिझली बेअर कमिटी, १९८३ पासून. डबे, कूलर, कचऱ्याच्या पेट्या अस्वलापुढे टिकतात का हे तीच तपासून घेते. परीक्षा खरीखुरी असते. वेस्ट यलोस्टोन गावातल्या ग्रिझली अँड वुल्फ डिस्कव्हरी सेंटरमध्ये पाळीव नसलेल्या पण बंदिस्त ठेवलेल्या ग्रिझली आहेत. कूलरमध्ये त्यांच्या आवडीचं खाणं भरून तो त्यांच्या आवारात ठेवतात. चावणं, ओरबाडणं, वर उभं राहून दाबणं असा प्रत्यक्ष झटापटीचा वेळ साठ मिनिटांचा भरेपर्यंत कूलर फुटला नाही तर तो पास. त्या गावाला जाणं झालं तर हे केंद्र मुलांना जरूर दाखवा. तिथे ग्रिझलीचा पंजा बघितला की कूलरच्या जाड भिंतींचं महत्त्व पटतं.

विकत घेताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, प्रमाणपत्र मॉडेलला मिळतं, कंपनीला नाही. एकाच कंपनीचा एक कूलर यादीत असतो आणि शेजारचा चाकांचा किंवा मऊ पिशवीसारखा नसतो. समितीच्या वेबसाइटवर प्रमाणित वस्तूंची यादी आहे, तिच्यात नेमकं मॉडेल शोधा. खोक्यावरचं अस्वलाचं चित्र हा पुरावा नव्हे.

दुसरी, कुलूप. हे प्रमाणपत्र कुलूप लावलेल्या कूलरचं असतं. झाकणाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत आरपार भोकं असतात, त्या दोन्हींत पक्की कुलपं हवीत. नुसत्या रबरी कड्या ओढून लावल्या तर त्या अस्वलाला दातांनी सोडवता येतात, आणि तुमचा तीनशे डॉलरचा कूलर त्या क्षणी साधा डबा ठरतो. बॅगांची नाजूक कुलपं नकोत, गिर्यारोहणाचे हूकही नकोत. एकाच किल्लीने उघडणारी कुलपांची जोडी मिळते, ती घ्या. एक किल्ली स्वयंपाक करणाऱ्याच्या गळ्यात, दुसरी गाडीच्या किल्लीबरोबर. आकड्यांची कुलपं थंडीत, कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात लावायला त्रासाची जातात.

तिसरी, असा कूलर अस्वलाला दाद देत नाही, एवढंच. तो ओढून नेता येतो, वास तर झाकणाच्या रबरातूनही जातोच. ग्रिझलीच्या भागात तो तंबूपासून शंभर यार्ड दूर, स्वयंपाकाच्या जागेजवळ ठेवायचा, तंबूच्या दाराशी बाकडं म्हणून वापरायचा नाही.

असा कूलर कोणी घ्यावा? ज्यांची गाडी उघड्या हौद्याची पिकअप आहे किंवा कापडी छताची जीप आहे आणि जे पेटी नसलेल्या जंगलात मुक्काम करणार आहेत, त्यांनी. पिकअपच्या हौद्याला टणक गाडी धरत नाहीत. तिथे प्रमाणित, कुलूपबंद कूलर हाच कायदेशीर आणि सोयीचा मार्ग. पण उद्यानात पेटी दिलेली असेल तर "आमचा कूलर प्रमाणित आहे" म्हणून तो बाहेर ठेवू नका. पेटीत ठेवा, नाहीतर रेंजरला विचारा आणि तो सांगेल तसं करा.

यतीच घ्यायला हवा असं नाही. पेलिकन, ऑर्का, कॅन्यन, आयोवातल्या ग्रिझली कंपनीचे कूलर, आरटिक अशी बरीच नावं आहेत. खिशाला परवडणाऱ्यांत लाइफटाइम कंपनीचा ५५ क्वार्टचा कूलर मी लोकांना सुचवते. तो प्रमाणितही आहे आणि मोठ्या नावांच्या निम्म्याच्या आसपास किमतीत मिळतो. मोठ्या नावांच्या बाबतीत आकड्याने फसू नका. टंड्रा ४५ मधले ४५ म्हणजे क्वार्ट नव्हेत, आतली जागा ३५ लिटरच्या आसपास आहे. रिकामा असतानाच तो साडेदहा किलोंच्या घरात जातो.

बर्फाचा हिशेब

"सात दिवस बर्फ टिकतो" हे जाहिरातीतलं वाक्य काठोकाठ बर्फ भरून, झाकण फारसं न उघडता केलेल्या चाचणीचं असतं. मुलांसकट, उन्हाळ्यात, योसेमिटी व्हॅलीत जाड भिंतींच्या कूलरलाही तीन-चार दिवसच धरा. यलोस्टोन आठ हजार फुटांच्या आसपास आहे, तिथल्या जूनच्या रात्री गोठणबिंदूजवळ जातात, तिथे जास्त टिकतो.

बर्फ वाचतो तो तयारीने. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. घरातल्या तापमानाची दहा लिटर पेयं थंड करायला पावणेतीन किलो बर्फ खर्ची पडतो. ती पेयं आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवलीत तर तोच बर्फ वाचतो. जाड भिंतींचा कूलर गॅरेजमध्ये तापलेला असेल तर त्या भिंतीच आधी बर्फ खातात. म्हणून आदल्या रात्री त्यात एक स्वस्त बर्फाची पिशवी टाकून ठेवा आणि सकाळी ओतून द्या.

बर्फाची लादी चुऱ्यापेक्षा हळू वितळते. विकतची लादी सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे दुधाच्या गॅलनच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून डीप फ्रिजरला ठेवा. गोठताना पाणी फुगतं, तेव्हा वरची चार बोटं रिकामी सोडा. या कॅनचं पाणी सांडत नाही, दह्याच्या डब्यात शिरत नाही, आणि शेवटच्या दिवशी पिता येतं. मसाला लावलेलं चिकन, मोड आलेली मटकी, राजमा उकडून, सगळं गोठवूनच न्या. तेही बर्फाचंच काम करतं. इडलीचं पीठ मात्र नेऊ नका. ते कूलरच्या कोपऱ्यात फुगून डब्याबाहेर येतं आणि त्याचा आंबूस वास झाकणाच्या रबरात महिनाभर राहतो.

कूलरमध्ये एक साधा फ्रिजचा थर्मामीटर ठेवा. ४० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ सेल्सिअसच्या वर दोन तास गेले की चिकन, मासे, दूध टाकून द्यायचं. ९० फॅरनहाइटच्या वर ऊन असेल तर एकच तास. इथे जीव गुंतवू नका.

वितळलेलं थंड पाणी लगेच काढू नका, नवा बर्फ घालायच्या वेळीच काढा. आणि ते तंबूजवळच्या मातीत ओतू नका. त्यात चिकनचं पाणी मिसळलेलं असतं. सार्वजनिक नळाजवळ सांडपाण्याची जागा असते, तिथे जाऊन ओता. या कामासाठी बूच बाजूला, अगदी तळाशी असलेला कूलर घ्या. तळापासून इंचभर वर बूच असेल तर तेवढं पाणी कूलर तिरपा करून काढावं लागतं.

ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) मोह अनेकांना होतो. ते उणे ७८ अंशाचं असतं, कातडी भाजते. शिवाय त्याचा वायू होतो. घट्ट झाकणाच्या कूलरमध्ये दाब साठतो, म्हणून बूच ढिलं ठेवावं लागतं. असा कूलर घेऊन बंद गाडीत झोपू नका, गाडी चालवताना काच थोडी उघडी ठेवा.

विजेवर चालणारा घ्यावा का

कॉम्प्रेसरवर चालणारा बारा व्होल्टचा फ्रिज-कूलर, डॉमेटिकचा किंवा तत्सम, फार छान वस्तू आहे. बर्फ नको, पाणी नको, दही घट्ट राहतं. सावलीत दिवसाला साधारण ३०० ते ५०० वॅट-तास वीज लागते, तेव्हा स्वतंत्र पॉवर स्टेशन (चार्ज करून नेता येणारी मोठी बॅटरी) घ्या, गाडीच्या बॅटरीवर विसंबू नका. पण तो गाडीतच ठेवावा लागतो. यलोस्टोन, टीटनला तो उत्तम. योसेमिटीत रात्री तो गाडीत ठेवता येत नाही आणि पेटीत वीज नसते. म्हणजे तो तिथे निरुपयोगी. वर्षातल्या तुमच्या बहुतेक सहली कुठे होतात त्यावर ठरवा. कॉम्प्रेसर नसलेला स्वस्त प्रकार घेऊच नका. तो बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंश सेल्सिअसच थंड करतो. चाळीस अंशांच्या सॅक्रामेंटोत आतलं दूध वीस अंशांवर राहणार.

हे सगळं एवढं काटेकोर का करायचं, असं मला कोणी विचारलं की मी आवर्जून सांगते. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल परत परत येतं, धीट होतं, आणि शेवटी रेंजरना ते मारावं लागतं. त्याला दुसरीकडे नेऊन सोडलं तरी बरेचदा ते परत येतं. आपण एक डबा बाहेर विसरलो तर त्याची किंमत ते अस्वल देतं, आपण नाही.

दुकानात गेल्यावर

टेप काढा, बाहेरची उंची आधी मोजा. झाकण बंद करून कडेत एक कागदी नोट अडकवा आणि ओढा. चारही बाजूंना नोट सहज निसटता कामा नये. जुना कूलर घेत असाल तर बिजागरीची सळई वाकलीय का आणि कोपऱ्यातली कुलपाची भोकं फाटलीत का ते बघा. कड्या बोटांनी लावून-काढून बघा, मुलांना आणि आजी-आजोबांना जमतील अशा हव्यात. पांढरा किंवा फिकट रंग घ्या, उन्हात कमी तापतो. मग दोन्ही बाजूंच्या कड्या धरून जोडीदाराबरोबर उचला आणि मनात आणखी वीस किलो धरून बघा, तेवढं तुम्हाला पेटीतून ओढता येईल का. येणार नसेल तर एक आकार लहान घ्या.